गरोदरपणातला ताप : कारण काय निघाले, पुढे काय झाले?

गरोदर बाईला ताप आला की घरात दोन मते हमखास ऐकू येतात : 'औषध घेऊच नकोस' किंवा 'एक गोळी घे आणि झोप'. मला दोन्ही महागात पडली असती, म्हणून आधी माझा अनुभव लिहिते. ताप कितव्या महिन्यात आला, कारण काय निघाले आणि बाळंतपण कसे झाले, हे आपणही लिहावे.

मला सहाव्या महिन्यात हुडहुडी भरून १०२ ताप आला. पॅरासिटामॉलने तो उतरे, पण चार-पाच तासांत पुन्हा चढे, आणि उजव्या कुशीत मागच्या बाजूला ठणका लागे. लघवीला जळजळ नव्हती, त्यामुळे मूत्रमार्गाचा विचार माझ्या मनात आलाच नाही. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हे जंतू निघाले, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढलेले गर्भाशय उजवीकडे झुकून तिथली वाहिनी दाबते आणि लघवी तुंबते, असे डॉक्टरांनी समजावले. अशा संसर्गाने अकाली कळा सुरू होऊ शकतात, हे मला तेव्हा कळले. चार दिवस सलाईनमधून प्रतिजैविके घ्यावी लागली. मुलगी ३७ आठवडे भरल्यावर झाली, वजन २.६ किलो.

गडचिरोली, पहिलटकरीण : सातव्या महिन्यात ताप आल्यावर आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन तपासले, तर फॅल्सिपेरम मलेरिया निघाला. याचे जंतू वारेत साठतात आणि बाळाचे पोषण कमी पडते. औषधाचा पूर्ण डोस दिला. प्रायमाक्विन मात्र गरोदरपणात चालत नाही म्हणून वगळले. माझे हिमोग्लोबिन ७ वर आले होते. बाळ १.९ किलोचे झाले.

ठाणे, आठवा महिना : मला डेंग्यू निघाला. अंगदुखीसाठी मी घरातली आयबुप्रोफेन घेतली होती. डॉक्टरांनी ती तत्काळ थांबवली, कारण डेंग्यूत तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. प्लेटलेट ४८,००० पर्यंत उतरल्या. ताप गेल्यावर मी निर्धास्त झाले, पण डेंग्यूत खरी देखरेख तेव्हाच लागते. बाळ सुखरूप आहे.

नाशिक : सहाव्या आठवड्यात फ्लू झाला. बाळाची मज्जानलिका (जिच्यातून मेंदू व मज्जारज्जू घडतात ती नळी) याच सुमारास बंद होते आणि त्या काळातला तीव्र ताप तिला बाधू शकतो, म्हणून पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरवणेच योग्य, असे सांगण्यात आले. फॉलिक अॅसिड आधीपासून चालू होते. एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दोष दिसला नाही.

कोल्हापूर, चोविसावा आठवडा : अंगावरून थोडे थोडे पाणी जात होते, ते मी लघवी समजले. दोन दिवसांनी ताप आला, पोटाला हात लावू देववेना आणि बाळाचे ठोके फार वाढले. गर्भपिशवीतच संसर्ग असल्याने प्रसूती करावी लागली. बाळ काही तासच जगले. घरचे अजूनही 'उष्णता झाली' म्हणतात. वार तपासणीला पाठवली होती आणि तिच्या अहवालात संसर्ग स्पष्ट लिहिलेला आहे. पुन्हा दिवस गेले तेव्हा पहिल्याच भेटीत मी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला.