हत्तीरोग: रक्त तपासल्याशिवाय गोळी द्यावी का?

(एका चर्चेतल्या नोंदी. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

काचपट्टी

हत्तीरोग हा डासांतून पसरणाऱ्या कृमींचा, म्हणजे दोऱ्यासारख्या जंतूंचा, आजार. तो असलेल्या भागांत वर्षातून एकदा सरसकट सगळ्यांना डीईसी आणि अल्बेंडाझोल ही कृमींवरची औषधं देतात. कुणाच्या अंगात जंतू आहेत, कुणाच्या नाहीत, हे कुणी बघत नाही. मला हे पटत नाही. आधी निदान, मग औषध, हा क्रम मोडायला भक्कम कारण लागतं आणि मला ते इथे दिसत नाही.

मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून सांगतो की निदान अवघड नाही. या कृमीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास अंगभरच्या रक्तात येतात. त्यांना पुढे नेणारा डास बहुतेक ठिकाणी त्याच वेळी चावतो. त्या वेळात बोटाला टोचून रक्त घ्यायचं, काचेवर जाड लेप द्यायचा, सुकला की गीम्सा नावाच्या रंगाने रंगवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली सैल वळणं घेतलेला जंतू दिसतो. शेपटीचं टोक पेशींच्या केंद्रकांशिवाय मोकळं असेल तर ती वुचेरेरिया बँक्रॉफ्टी ही कृमीची जात. टोकाशी दोन सुटी केंद्रकं दिसली तर ब्रुगिया मलायी ही दुसरी जात. रात्री जागणं जमत नसेल तर प्रतिजन, म्हणजे कृमीने रक्तात सोडलेलं द्रव्य, शोधणारी पट्टी आहे. ती दिवसा केव्हाही चालते आणि दहा मिनिटांत उत्तर देते.

शिवाय डीईसी सगळ्यांना सोसतं असं नाही. अंगात ऑन्कोसर्का हा दुसरा कृमी असेल तर डीईसीने डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. रक्तात लोआ लोआ या तिसऱ्या कृमीची पिल्लं भरपूर असतील तर मेंदूवर बेततं. एवढं माहीत असताना न तपासता गोळी कशी द्यायची?

फिरतीवर

काचपट्टी, दवाखान्यात आलेल्या एका माणसापुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण अख्ख्या वस्तीला तोच नियम लावला तर रोग हटणार नाही. मी डॉक्टर आहे, गोळ्या वाटायच्या कामात बराच काळ काढला आहे.

पहिली गोष्ट, काचेवर येतं किती रक्त? साधारण ६० मायक्रोलिटर, जेमतेम एखाद-दीड थेंब. पिल्लं विरळ असली तर त्या थेंबात एकही येत नाही आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ लागतो. डासाला मात्र त्याच माणसाकडून जंतू मिळू शकतात. म्हणजे तपासून औषध दिलं तर नेमके हेच लोक सुटतात आणि प्रसार चालूच राहतो.

दुसरी गोष्ट, तुम्ही म्हणता त्या धोक्यांचा विचार आधीच केलेला असतो, फक्त तो माणसागणिक न करता भागागणिक केला जातो. ऑन्कोसर्का आहे तिथे डीईसी वाटत नाहीत, आयव्हरमेक्टिन हे दुसरं कृमीनाशक आणि अल्बेंडाझोल देतात. लोआ लोआच्या पट्ट्यात जिथे आयव्हरमेक्टिनही धोक्याचं, तिथे एकटं अल्बेंडाझोल वर्षातून दोनदा. गरोदर बाया, दोन वर्षांखालची मुलं आणि फार आजारी माणसं यांना वगळतात.

आणि गुण येतो. चीनमध्ये बऱ्याच भागांत डीईसी घातलेलं मीठच लोकांना दिलं आणि २००७ मध्ये तिथून हत्तीरोग हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. इजिप्त आणि टोगो २०१७ मध्ये त्या यादीत आले. पापुआ न्यू गिनीतल्या एका चाचणीत डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन असा तिहेरी डोस फक्त एकदा दिला. वर्षानंतर ५७ पैकी ५५ जणांच्या रक्तात पिल्लं सापडली नाहीत. दोनच औषधांचा एक डोस घेतलेल्यांत हाच आकडा ५६ पैकी १८ होता.

उंबरठा

फिरतीवर, मला एवढंच सांगा: मला काहीही त्रास नाही, मी गोळी का घ्यायची? आमच्या ओळखीत एकाने घेतली आणि रात्रभर तापाने फणफणला. तेव्हापासून त्या घरात कुणी गोळीला हात लावत नाही.

फिरतीवर

त्रास नाही म्हणजे जंतू नाहीत, असं धरू नका. ज्यांच्या रक्तात पिल्लं असतात त्यांतल्या बहुतेकांना बाहेरून काही दिसत नाही. पण त्यांच्या लसिकावाहिन्यांची, म्हणजे अंगातला जादा द्रव परत रक्तात नेणाऱ्या नळ्यांची, तपासणी केली की त्या आतून फुगलेल्या, वेड्यावाकड्या झालेल्या आढळतात, लहान मुलांतसुद्धा. पुरुषांच्या अंडकोशाची सोनोग्राफी केली तर कधी कधी जिवंत कृमी वळवळताना पडद्यावर दिसतो. मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब, दोऱ्यासारखी बारीक, आणि अशी पाच-सात वर्षं जगते. गोळीने पिल्लं मरतात, मोठे कृमी मात्र पुष्कळदा वाचतात. म्हणून दर वर्षी पुन्हा द्यावी लागते.

तापाचं म्हणाल तर तो बहुधा पिल्लं एकदम मेल्यामुळे येतो. रक्तात जितकी जास्त, तितका ताप, डोकेदुखी, अंगदुखी जास्त. दोन-तीन दिवसांत उतरतो. ज्याला असा ताप आला त्याला औषधाची गरज होती, असंच बहुतेक वेळा निघतं.

काचपट्टी

हे त्या माणसाला गोळी देतानाच कुणी सांगितलं होतं का? दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात कुणी गेलं का? न तपासता औषध द्यायचं असेल तर निदान मागाहून विचारपूस तरी हवी. ती होत नसेल तर लोक गोळी तोंडात धरून नंतर थुंकतात, आणि त्यात त्यांचा दोष मला दिसत नाही.

माझा आणखी एक आक्षेप आहे. सरसकट गोळीची सवय दवाखान्यातही शिरली आहे. पाय सुजला की लिहा बारा दिवस डीईसी. अहो, पाय हृदयामुळे सुजतो, मूत्रपिंडामुळे सुजतो, शिरा निकामी झाल्या तरी सुजतो. ज्वालामुखीच्या लाल मातीत वर्षानुवर्षं अनवाणी चालणाऱ्यांचे पाय हुबेहूब हत्तीपायासारखे होतात. इथिओपियात असे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या अंगात एकही जंतू नसतो. बूट आणि साबणाची गरज असलेल्या माणसाला डीईसी देऊन काय मिळणार?

बेचकी

इथे लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. माझ्या आईचा डावा पाय गुडघ्याखाली हत्तीपाय आहे. रात्रीचं रक्त तपासलं तर निगेटिव्ह. एकाने सांगितलं, हत्तीरोग नाहीच. दुसऱ्याने तरीही डीईसीचा कोर्स दिला, मग परत दिला. दोन्ही वेळा पाय तसाच राहिला. हुडहुडी भरून ताप यायचा, जांघेत अवधाण यायचं, पाय लालभडक होऊन तापायचा, आणि प्रत्येक वेळी सूज आधीपेक्षा थोडी जास्त उरायची.

फरक पडला तो एका नर्सबाईंमुळे. त्यांनी आईच्या पायाची बोटं एकेक करून फाकवली आणि बेचक्यांतल्या चिखल्या दाखवल्या. तोवर तिथे कुणी बघितलंच नव्हतं. आता रोज साधं पाणी आणि साबण, कातडीच्या घड्या उघडून धुणं, मऊ फडक्याने टिपून प्रत्येक बेचकी कोरडी करणं, बुरशीचं मलम, रात्री पाय उशीवर. ताप येणं जवळजवळ थांबलं आहे.

तुमचा वाद जंतू शोधायचे की आधीच मारायचे, एवढ्यावरच चालला आहे. ज्यांचा पाय सुजून बसला आहे त्यांचं काय?

फिरतीवर

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. हत्तीपाय झालेल्या बहुतेकांच्या रक्तात पिल्लं नसतात, म्हणून अहवाल निगेटिव्ह येतो. त्यावरून ‘हत्तीरोग नाही’ म्हणणं चूक. आणि जंतू आता उरले नसतील तर डीईसीने सूज उतरणार नाही, हेही तितकंच खरं.

तापाच्या त्या झटक्यांना कारण असतात जिवाणू, मुख्यतः स्ट्रेप्टोकोकस. चिखल्यांतून, भेगांतून ते आत शिरतात. लाल रेघ पावलाकडून जांघेकडे चढत गेली तर बहुधा तेच. कृमी मेल्यामुळे येणारा दाह जांघेतल्या गाठीपासून खाली उतरत जातो. लाल रेघ वर चढणाऱ्या अशा तापात विश्रांती, गार पट्ट्या आणि प्रतिजैविक द्यायचं. डीईसी त्या वेळी नाही. सूज सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचाही विचार करावा. कृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात, ते मेले की मोठा कृमीही वांझ होतो आणि पुढे मरतो. घानात पायाची सूजही त्याने उतरलेली दिसली होती, जंतू नसलेल्यांतसुद्धा.

काचपट्टी

डॉक्सिसायक्लिनबद्दल थोडं थांबा. पुढे एकाहून जास्त देशांत चाचण्या झाल्या, त्यांत गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांना पाय धुण्याची शिस्त लावली. तापाचे झटके दोन्हीकडे कमी झाले. गोळीचा वेगळा फायदा दिसला नाही. मोठा कृमी मारायला ते औषध चांगलंच आहे, पण आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायांना ते चालत नाही. सूज उतरवायला म्हणून ते लिहून देणं मला पटत नाही.

फिरतीवर

सुजेपुरतं तुमचं म्हणणं धरतो. जिवंत कृमी असलेल्याला मात्र मी ते देणार.

वाटपाबद्दल माझं मत तेच आहे: आधी सगळ्यांना द्या, तपासणी नंतर. काही वर्षं गोळ्या दिल्यावर सहा-सात वर्षांच्या मुलांचं रक्त पट्टीवर तपासतात, कारण ती मुलं गोळ्या सुरू झाल्यानंतर वाढलेली असतात. त्यांच्यात जंतू जवळपास सापडला नाही, तरच वाटप थांबवतात. तुमची तपासणी तिथे सगळ्यात मोलाची.

काचपट्टी

ती पट्टी फक्त बँक्रॉफ्टी ओळखते. ब्रुगियाच्या भागात प्रतिपिंडाची, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या द्रव्याची, वेगळी चाचणी लावावी लागते, आणि ती जुना संसर्गही दाखवते. म्हणून ज्या मुलाची चाचणी पॉझिटिव्ह येईल त्याच्या घरातल्या प्रत्येकाचं रात्रीचं रक्त काचेवर घ्या, कुणाला अंडवृद्धी, म्हणजे अंडकोशाची सूज, असेल तर शस्त्रक्रियेला पाठवा, आणि बेचकीताईंच्या आईसारखं कुणी घरात असेल तर त्यांचे पाय त्याच भेटीत धुऊन दाखवा. एवढं होणार असेल तर वाटपाला माझा विरोध नाही. नुसत्या गोळ्या ठेवून पुढच्या घरी जाणार असाल तर आहे.