मदत हवी आहे: टायरवाल्याने चाकाचा बोल्ट तिरका ठोकलाय, शनिवारी कोल्हापूरला जायचंय

केतकी_सिंहगडरोड (गुरुवार, रात्री ९:४०)
आज दुपारी टायर रोटेशन, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून आणलं. घरी येईपर्यंत पुढच्या डाव्या चाकातून टक टक आवाज सुरू झाला. ४० च्या वर स्टीअरिंग थरथरतं. पार्किंगमध्ये वाकून बघितलं तर एक बोल्ट बाकीच्यांपेक्षा बाहेर राहिलाय आणि तिरका दिसतोय. पाना लावला तर ना आत जातो, ना बाहेर येतो. दुकानात फोन केला तर म्हणे, "मॅडम, तो आधीपासूनच खराब होता." साफ खोटं! दिवाळीच्या आधी मी स्वतः ते चाक काढून बसवलंय, सगळे बोल्ट हाताने फिरत होते.
शनिवारी पहाटे आईला आणायला कोल्हापूरला निघायचंय, सोमवारी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. उरलेल्या बोल्टवर गाडी जाईल का? आणि दुकानदाराकडून भरपाई कशी घ्यायची? प्लीज लवकर सांगा.

पाना_पक्कड (९:५२)
गाडी कुठली ते लिहा आधी. बोल्ट म्हणताय की नट? मारुती, ह्युंदाईला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, स्टड (बाहेर आलेले आट्यांचे दांडे) असतात आणि वरून नट लागतो. त्यात आटे गेले तर स्टड बदलला की काम झालं, खर्चही फार नाही.

अण्णा_नाशिक (१०:०१)
टायरमध्ये नायट्रोजन भरा. माझ्या गाडीचं स्टीअरिंग थरथरणं त्यानेच गेलं. सहा वर्षं नायट्रोजनच वापरतोय.

केतकी_सिंहगडरोड (१०:०३)
बोल्टच आहेत. २०१७ ची फोक्सवॅगन पोलो.

पाना_पक्कड (१०:१०)
मग प्रकरण वेगळं आहे. पोलोला स्टड नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातो. म्हणजे आटे गेले असतील तर हबचेच गेले. पोराने बोल्ट हाताने न लावता सरळ एअर गनने ठोकलाय. पहिले तीन-चार आटे हातानेच घ्यायचे असतात, मग पाना, आणि शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन मीटर. हे पहिल्या दिवशी शिकवतात.
अलॉय आहेत की साधे रिम? कंपनीचे की बाहेरचे?

घाटवाट (१०:१५)
चार बोल्टवर जाते गाडी. मी सातारा ते पुणे आलोय तसा, काही झालं नाही.

रेंच_राजा (१०:१९)
@घाटवाट, कृपा करून असा सल्ला देऊ नका. तुमचे चार तरी नीट बसलेले होते. इथे टक टक आवाज येतोय, म्हणजे चाक हबवर हलतंय. खंबाटकीच्या उतारावर चाक निसटलं तर? केतकीताई, गाडी जागची हलवू नका.

सुहास_प (१०:२४)
घरातल्या कोणा पुरुषाला दुकानात पाठवा. ही लोकं बाईला बघून फसवतात.

केतकी_सिंहगडरोड (१०:३१)
@सुहास_प, गाडी माझी, बिल माझ्या नावावर, चाकही मीच बदलते. दुकानात मीच जाणार. मी विचारलेलं काही माहीत असेल तर सांगा.
@पाना_पक्कड, अलॉय बाहेरचे आहेत. आधीच्या मालकाने बसवलेले, मी गाडी २०२१ मध्ये घेतली. त्याने काय फरक पडतो?

पाना_पक्कड (१०:३८)
तिथेच तर सगळं आहे! फोक्सवॅगनच्या मूळ रिमला गोल बुडाचा बोल्ट लागतो, डोक्याखालचा भाग अर्ध्या चेंडूसारखा. बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूसारखा निमुळता लागतो. आटे दोन्हींचे एकच, त्यामुळे चुकीचा बोल्टही आरामात आत जातो आणि घट्ट वाटतो. पण रिमला तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो आणि चालताना सैल होतो. गाडी सपाट जागी असेल तर हँडब्रेक ओढून चांगल्या बोल्टांतला एक काढा, फोटो टाका. एका वेळी एकच. मग उजव्या चाकाचाही एक काढून शेजारी ठेवा.

अण्णा_नाशिक (१०:४०)
नायट्रोजनबद्दल कोणीच बोलत नाही.

रेंच_राजा (१०:४४)
अण्णा, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. चाक हलतंय त्याला हवा काय करणार?

अण्णा_नाशिक (१०:४७)
मी अनुभव सांगितला. गरम रस्त्यावर प्रेशर स्थिर राहतं.

केतकी_सिंहगडरोड (११:२०)
पाना_पक्कड, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. टॉर्च लावून दोन्ही बोल्ट पेपरवर ठेवले. उजवीकडचा निमुळता. डावीकडचा गोल बुडाचा, आणि त्यावर एक चकचकीत बारीक रेघ गोल फिरलीय, तेवढीच कड घासलेली. डावीकडचे चारही तसेच. अडकलेल्याच्या बुडाशी धातूचा केसासारखा कुरळा तुकडा लोंबतोय. मला रडू यायचं बाकी आहे.

रेंच_राजा (११:२६)
ताई, गोल बोल्ट आले कुठून? तुमच्याआधी तिथे कुठली गाडी होती?

केतकी_सिंहगडरोड (११:२९)
एक पांढरी व्हेंटो, तीही फोक्सवॅगनचीच, होती शेजारच्या जॅकवर. दोन्ही गाड्यांची चाकं एकदमच काढली होती.

रेंच_राजा (११:३१)
मग तुमचे पाच निमुळते बोल्ट आता त्या व्हेंटोला आहेत. तो माणूस उद्या सकाळी हायवेला लागला तर? दुकानदाराला आत्ता फोन करा, भरपाईचं नंतर.

वकिली_वीस_वर्षं (११:४५)
फोन करा, पण सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर लेखीही पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहते. बोल्ट, बिल, फोटो जपून ठेवा. काढलेला एकही भाग दुकानात देऊ नका. काम दुरुस्त करण्याआधी दुसऱ्या गॅरेजकडून काय बिघडलंय ते लेटरहेडवर लिहून घ्या, हे बहुतेक जण विसरतात आणि नंतर हात चोळत बसतात. मग दुकानाला लेखी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत. नाहीच ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवा येते. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही.

घाटवाट (शुक्रवार, सकाळी ७:०५)
आटे गेलेल्या हबला इन्सर्ट, म्हणजे भोकात नव्या आट्यांची नळी, बसवून मिळतो, स्वस्तात होतं.

पाना_पक्कड (७:३०)
चाकाच्या हबला मी तरी इन्सर्ट बसवू देणार नाही. पुढचे एक-दोनच आटे दबले असतील तर १४ बाय दीडचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ होतात. त्यापुढे गेलं असेल तर हब बदला. आणि ताई, रिमची पाचही भोकं तपासून घ्या. बुडाशी लंबगोल झाली असतील तर तो अलॉय गेला, तो खर्चही दुकानाच्याच नावावर लावा.

केतकी_सिंहगडरोड (शुक्रवार, संध्या. ६:५०)
रात्री बाराला मालकाला फोन केला. आधी तेच, "आधीपासून खराब होता." मग मी व्हेंटोचं सांगितलं, तसा तो गप्पच झाला. पहाटे बिलबुकातून नंबर काढून त्याने त्या माणसाला थांबवलं. त्यांच्या पुढच्या चाकाचे दोन बोल्ट बोटाने फिरत होते. घरातली दोन लहान मुलं घेऊन ते आज नगरला निघणार होते.
माझी गाडी टो करून दुसऱ्या गॅरेजला नेली. अडकलेला बोल्ट कापून काढावा लागला. आटे आतपर्यंत गेलेत, हब बदलायचाय, पार्ट मंगळवारी येईल. रिमची तीन भोकं दबलीत. सगळं लेटरहेडवर लिहून घेतलंय. मालक हब आणि मजुरी द्यायला तयार आहे, अलॉयचं "बघू" म्हणतोय. त्याला आजच नोटीस पाठवली.
आईला आणायला उद्या स्वारगेटहून एसटीने जाते. परतीला कोयना एक्सप्रेसची दोन तिकिटं मिळाली.

वकिली_वीस_वर्षं (७:१५)
"बघू" हे लेखी घ्या. आणि त्या व्हेंटोवाल्यांचा जबाब मिळाला तर तुमची बाजू फार भक्कम होईल.

केतकी_सिंहगडरोड (७:२२)
त्यांनी स्वतःहून फोन केला होता. देतो म्हणालेत.

पाना_पक्कड (७:४०)
नवा हब बसला की बोल्ट नवे निमुळतेच घ्या, जुने नकोत. ५०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा टॉर्क रेंच लावा. आईंच्या डोळ्याला सांभाळा.