पावसाचे दोन कॉलम कोअलेसने एक करू नयेत (चर्चा)

तापीकाठ, यावल
महसूल मंडळाच्या पावसाच्या नोंदी आर या आकडेवारीच्या संगणक भाषेत उघडल्या की दोन कॉलम दिसतात: एक स्वयंचलित केंद्राचा, दुसरा हाताने मोजायच्या पर्जन्यमापकाचा. दोन्हींत जागोजागी एनए, म्हणजे नोंद नाही. मग सगळे सर्रास एकच ओळ लिहितात, कोअलेस(स्वयंचलित, हाताचा), म्हणजे पहिल्या कॉलममध्ये एनए असेल तिथे दुसऱ्यातला आकडा घ्यायचा, आणि पुढच्या कामाला लागतात. माझा याला ठाम विरोध आहे.

हाताच्या मापकाची नोंद सकाळी ८:३० ला होते आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लागतो. स्वयंचलितचा दैनिक आकडा मात्र कित्येक फायलींत मध्यरात्र ते मध्यरात्र काढलेला असतो. समजा १४ जुलैला रात्री नऊला पाऊस झाला. स्वयंचलितमध्ये तो १४ तारखेला ३८.५ मिमी म्हणून लागेल, हाताच्या नोंदीत १५ तारखेला ३८. त्यात १५ ला केंद्राचा सिग्नल गेला, म्हणजे तिथे एनए. कोअलेस १४ ला ३८.५ घेतं आणि १५ ला ३८. पाऊस पडला एकदा, बेरजेत आला ७६.५. ना एरर, ना वॉर्निंग. दुबार पेरणी झाली का, खंड किती दिवसांचा होता, हे सगळं याच कॉलमवरून ठरतं.

केळीबाग, रावेर
नाही भो, पटत नाही. यात कोअलेसचा काय गुन्हा? तारखांचा घोळ कॉलम जोडण्याआधीचा आहे, तो आधी निस्तरा. तुमचं ऐकून एनए जिथल्या तिथे ठेवले तर जुलैच्या एका रिकाम्या दिवसापायी बेरीज करणारं सम अख्ख्या महिन्याला एनए देतं. मग माणूस वैतागून 'एनए डॉट आरएम ट्रू' लावून एनए गाळतो, म्हणजे बेरजेपुरता त्या दिवशीचा पाऊस शून्यच धरला. ओळीची बेरीज करणाऱ्या रोसम्सला तेच लावलं तर आणखी गंमत: ओळीतले सगळे रकाने एनए असले तरी ते ० देतं. त्यापेक्षा त्याच मंडळात कुणीतरी खरोखर मोजलेला आकडा केव्हाही बरा. आणि 'एनए असेल तर हे घे' असं इफएल्स व इझ एनए जोडून भरण्याचे दिवस आठवा, तारखेच्या कॉलमचे नुसते आकडे होऊन बसायचे. कोअलेस कॉलमचा प्रकार तरी जपतं.

पांझरा, धुळे
तुम्ही दोघं एनएवर अडलात, मला शून्याची धास्ती जास्त. स्वयंचलित मापकाच्या नरसाळ्यात पाला अडकला की केंद्र बंद पडत नाही, ते ० पाठवत राहतं. कोअलेस पहिला भरलेला आकडा उचलतं आणि ० हा भरलेला आकडा आहे. शेजारी हाताने ५२ लिहिलेले असले तरी निकाल ०. उलट हाताच्या रजिस्टरात कोरड्या दिवशी रकाना कोराच सोडायची सवय असते. संगणकात तो एनए होतो, खरं तर तिथे ० हवा. आधी रजिस्टर लिहिणाऱ्याला विचारा, मग कोड लिहा.

सातपुडा पायथा, चोपडा
पावसापेक्षा तापमानाचं बघा. केळीचा हवामानावर आधारित विमा पारा ठरलेल्या रेषेच्या वर सलग किती दिवस राहिला यावर बसतो. मधला एक दिवस रिकामा असेल तर? '४२ पेक्षा जास्त का' असं विचारलं की आर एनए सांगतं. पायथनच्या पांडाजमध्ये नॅनची, म्हणजे रिकाम्या रकान्याची, तुलना गुपचूप फॉल्स होते, म्हणजे साखळी तुटली, शेतकरी गेला. स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरात रिकामी जागा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी धरतात, तिथे तोच दिवस कडक उन्हाचा ठरतो. एकच फाईल, निकाल तीन. म्हणून तुलना करण्याआधी रकाना भरलाच पाहिजे, आणि जवळचं दुसरं केंद्र असेल तर कोअलेसनेच भरावा. मी केळीबागच्या बाजूने.

तापीकाठ
ताई, तापमानाचं मान्य, पण तिथेही कोणता कॉलम आधी लिहायचा हे कोण ठरवतं? कोअलेसमध्ये जो आधी तो खरा. दोन्ही मापकांनी मोजलेले दिवस बाजूला काढून त्यांचा फरक तपासल्याशिवाय हा क्रम लावायचा कशाच्या जोरावर? केळीबाग, लीडने हाताचा कॉलम एक दिवस मागे घेऊन भागणार नाही, कारण पहाटे चारचा पाऊस दोन्हीकडे एकाच तारखेला असतो, तो उगाच मागे सरकेल. स्वयंचलितची तासातासाची फाईल घेऊन ८:३० ते ८:३० बेरीज करावी लागेल. तेवढं केलंत तर माझा विरोध निम्म्यावर येतो.

केळीबाग
आणि तासाची फाईल मिळतच नाही त्या मंडळांचं?

तापीकाठ
तिथे कॉलम वेगळे ठेवा. महिन्याच्या दोन बेरजा द्या आणि प्रत्येकीपुढे किती दिवस मोजले ते लिहा.

केळीबाग
वरून एकच आकडा मागतात, दोन दिले की कागद परत येतो. मी कोअलेसच करणार. मात्र शेजारी 'स्रोत' नावाचा कॉलम जोडेन, कुठला आकडा कुठून आला तो दिवसागणिक दिसेल. आणि पांझराभाऊंचं ऐकून, स्वयंचलित ० आणि हाताचा २.५ मिमी किंवा जास्त असे दिवस जोडण्याआधी वेगळे काढेन.

पांझरा
तेवढे दिवस इथे टाका. आमच्याकडची तशीच यादी देतो, लावून बघू.