दुचाकी सोडून मेट्रोने रोज गेल्यास नेमका काय फरक पडतो?

प्रश्न: मी पुण्यात कोथरूडहून कल्याणीनगरला रोज दुचाकीने जातो. मार्च २०२४ पासून मेट्रो कल्याणीनगरवरून पुढे रामवाडीपर्यंत धावते आहे. पर्यावरणाचा फायदा मला मान्य आहे, परंतु रोजच्या जगण्यात काही फरक जाणवतो का?

उत्तर: जाणवतो, आणि तो मला सर्वप्रथम रुमालात दिसला. दुचाकीवर तोंडाला बांधलेला रुमाल संध्याकाळी धुताना पाणी काळे निघत असे; कोथरूडच्या वनाज स्थानकाहून मेट्रोने जाऊ लागल्यापासून ते जवळजवळ स्वच्छ निघते. शिवाय डेक्कनजवळ मुठा नदीच्या पात्रावरून गाडी जाताना हातातले पुस्तक मिटून बाहेर पाहण्याची, सिग्नलवर कधीच न मिळालेली उसंत मिळते.

मेट्रोची बरीचशी वीज कोळशापासून बनते, म्हणजे धूर होतोच, हा आक्षेप खरा आहे, तरीही एका गाडीतून शेकडो माणसे जात असल्याने माणशी धूर कमीच पडतो, आणि तो सिग्नलवर उभ्या असलेल्या शाळकरी मुलांच्या नाकात जात नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

स्थानकापर्यंत मात्र रिक्षा करू नका, चालत जा. माझे गुडघे त्या रोजच्या पंधरा मिनिटांमुळेच सुधारले. पदपथ अनेक ठिकाणी गाड्यांनी अडवलेले असतात. त्याबद्दल आपण तक्रार करत राहिले पाहिजे.