अनुभव धागा : वर्सोव्यात भाड्याने जागा घेताना

नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेल्या बऱ्याच जणांना मुंबईत अंधेरी पश्चिमेची, त्यातही वर्सोव्याची ओढ असते. चालत जाण्याजोगा समुद्र, रात्री उशिरापर्यंत जागे रस्ते, आरामनगरातल्या ऑडिशन्स, जवळच जुहूचं पृथ्वी थिएटर. पण जाहिरातींत डी.एन. नगरपासून थेट वेसावे या मूळ कोळी गावापर्यंतचं सगळं ‘वर्सोवा’ या एका नावाखाली खपवतात. जागा बघायला निघण्याआधी काय माहीत हवं, ते या भागाच्या माहीतगारांनी लिहावं. विनंती एकच : ‘आमच्या वेळी असं होतं’ नको. अंतरं, पैसे, वेळा, काय बिघडतं आणि का, एवढं लिहा.

सातबंगलेकर

‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. वर्सोवा मेट्रो स्थानक ‘सात बंगला’ या भागाजवळ, जयप्रकाश रोडवर आहे. गाव आणि यारी रोडचं टोक तिथून आणखी दोन-अडीच किलोमीटर. शिवाय यारी रोड आणि लोखंडवाला नकाशावर शेजारी दिसले तरी मध्ये कवठे खाडी आहे. त्यामुळे यारी रोडची जवळपास सगळी वाहनं सात बंगल्याकडूनच बाहेर पडतात. सकाळी नऊला यारी रोडच्या टोकाहून मेट्रोपर्यंत रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं धरूनच हिशेब करा.

ऑफिस कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. चकाला, मरोळ, साकीनाका असेल तर मेट्रो १ सरळ नेते. ही मार्गिका ११.४ किलोमीटरची, १२ स्थानकांची, वर्सोवा ते घाटकोपर वीस-बावीस मिनिटांत. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), वरळी किंवा कफ परेडसाठी मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो ३ घ्यायची. गोरेगाव, मालाड, कांदिवलीसाठी डी.एन. नगरला उतरून पादचारी पुलाने ‘अंधेरी पश्चिम’ स्थानकात जायचं आणि तिथून मेट्रो २अ. ऑफिस ठाणे-बेलापूर पट्ट्यात असेल तर मात्र वर्सोव्याचा नाद सोडा.

रिक्षाचा खर्च भाड्यातच मिळवा. फेब्रुवारी २०२५च्या दरपत्रकाप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. म्हणजे अडीच किलोमीटरला ४३ रुपये. दिवसाला दोन फेऱ्या आणि महिन्याला २५ दिवस धरले तर २,१५० रुपये होतात, वाहतूक कोंडीतलं वेटिंग वेगळं. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जास्त. गावाकडची जागा दीड हजाराने स्वस्त आहे म्हणून घेणाऱ्याला ती प्रत्यक्षात महागच पडते.

खाडीकाठ

जागा दोनदा बघा. एकदा दुपारी तीन-चारला, एकदा पहाटे सहाला. कारण वारा. दुपारी तो समुद्राकडून, पश्चिम-वायव्येकडून येतो. गाव उत्तरेच्या टोकाला असल्यामुळे सुकत घातलेल्या मासळीचा वास त्याच वेळी यारी रोडच्या इमारतींत शिरतो. रात्री आणि पहाटे वारा उलटतो, जमिनीकडून वाहतो. मग खाडी आणि खारफुटीच्या चिखलाचा वास येतो, ओहोटी असेल तर जास्तच. दलाल जागा दाखवायला सकाळी अकराला बोलावतो. त्या वेळी सहसा कुठलाच वास नसतो.

मासळीच्या वासाला हंगाम आहे. पावसाळा संपला की मेपर्यंत बोंबील वलांडींवर (सुकवायच्या बांबूच्या मांडवांवर) वाळत असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, तेव्हा किनारा शांत. म्हणजे जुलैत जागा पसंत करून ऑक्टोबरात नाक मुरडायचं, हे गावाला अन्यायाचं आहे. कोळी लोक इथे तुमच्या टॉवरच्या कितीतरी आधीपासून आहेत.

खाडीकडच्या खिडक्यांना डासांची जाळी आहे का बघा. संध्याकाळी साडेसहा ते आठ हा डासांचा खरा वेळ. कबुतरांची नायलॉन जाळी आहे म्हणून डासांचा प्रश्न मिटला असं समजू नका.

ओलगंज

समुद्र खिडकीतून दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडा. पहिल्या रांगेतल्या इमारतीचं भाडं जास्त आणि दुरुस्त्याही जास्त. एक-दोन इमारती आड असलेलं घर वाऱ्याला पुरतं आणि खाऱ्या फवाऱ्यापासून वाचतं.

नैऋत्य मोसमी पाऊस दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींवर आदळतो. घरात या दोन्ही बाजूंच्या भिंती तपासायच्या. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर शंका घ्या. खालच्या दोन फुटांत पोपडे किंवा पांढरी भुकटी दिसली तर लोणा लागलाय. कपाट हलवून मागे बघा, दलालाचा चेहरा बघू नका. छताच्या कोपऱ्यात पिवळट वर्तुळ असेल तर ते वरच्या घराचं न्हाणीघर किंवा गच्ची. ती दुरुस्ती मालक एकटा करू शकत नाही. त्यात सोसायटी आणि वरचा शेजारी दोघं येतात, म्हणजे निदान एक पावसाळा तरी जाणार.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती वाळूने बुजतात, मग पट्टी भरते आणि पाणी आत ओट्यावर येतं. मेमध्ये तारेने भोकं मोकळी करा आणि चौकट व दगडाच्या सांध्यात बाहेरून सिलिकॉन भरून घ्या. हे कोरड्यातच करायचं, ओल्या भिंतीला सिलिकॉन धरत नाही.

एसीबद्दल. बाहेरच्या युनिटच्या पातळ पात्यांवर मीठ बसतं, धातू खातं, बारीक छिद्र पडतं आणि गॅस जातो. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ असं मालक सहज म्हणाला तर समजायचं की गळती आहे. एसी नीट असेल तर गॅस संपत नाही. कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची ते विचारा. तांब्याची गळती सांधता येते, ॲल्युमिनियमची बहुतेक वेळा अख्खी कॉइल बदलतात. हात सुरक्षित पोचत असेल तरच, वीज बंद करून, महिन्यातून एकदा साध्या पाण्याने युनिट धुवा. जास्त गरज ऑक्टोबर ते मे, कारण पावसाळ्यात पाऊसच धुतो. खरं नुकसान कोरड्या महिन्यांत होतं, हे लोकांना उलटं वाटतं.

कपाट पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. डांबरगोळ्यांनी कसर जाते, ओल जात नाही. ओल खेचायला कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या लागतात आणि त्यांत पाणी साचलं की बदलाव्या लागतात. दुचाकीवर प्लॅस्टिकचं आवरण घालू नका. आत घाम धरतो आणि साखळी, नट लवकर गंजतात. कापडी आवरण आणि साखळीला नियमित तेल, एवढं पुरे.

कागदपत्र

आता पैशांचं. इथे घाई नको.

‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ मध्ये आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ‘आपण नोटरी करू, तेवढंच चालतं’ म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा. नोंदणी ऑनलाइन होते. आधार, अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात, एजंट यंत्र घेऊन घरी येतो.

मुद्रांक शुल्क करारकाळातलं एकूण भाडं अधिक अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. उदाहरण : भाडं ४५,००० आणि ११ महिने, म्हणजे ४,९५,०००. अनामत दीड लाख, त्यावर ११ महिन्यांचं व्याज १३,७५०. बेरीज ५,०८,७५०. शुल्क साधारण १,३०० रुपये, शिवाय मुंबईत नोंदणी फी १,०००. एजंट ‘सगळं मिळून’ आकडा सांगतो, त्यात त्याची मजुरी किती ते यावरून कळेल.

करारात पुढच्या गोष्टी नावानिशी हव्यात : लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) किती महिने आणि दोघांना लागू की फक्त तुम्हाला, नोटीस एक महिना की दोन, एसीची गॅसगळती, गीझर आणि नळदुरुस्ती कोणाकडे, निघताना रंगाचे पैसे कापणार का. या शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त भांडणं होतात. समुद्राजवळ भिंत मुळातच खराब होते, ती तुमच्यामुळे झाली असं ठरवू देऊ नका. ताबा घेण्याच्या दिवशी प्रत्येक भिंत, खिडकीची पट्टी, ओट्याखालची जागा यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा.

तिघं मिळून राहणार असाल तर तिघांची नावं करारात हवीत. एकाच्याच नावावर केलं आणि तोच मध्ये निघाला, तर बाकीच्यांकडे पत्त्याचा पुरावा नाही आणि अनामत परत मागायचा हक्कही नाही. एकटाच महिना ५०,०००च्या वर भाडं भरत असेल तर त्यातून २ टक्के टीडीएस (मालकाच्या नावे भरायचा कर) कापून भरावा लागतो. मालकाला हे आधीच सांगा. नंतर सांगितलं की कापलेली रक्कम त्याला चोरीसारखी वाटते.

दलाली सहसा एक महिन्याचं भाडं. नूतनीकरणाला पुन्हा पूर्ण दलाली मागतात, ती किती द्यायची ते सुरुवातीलाच ठरवा.

सेक्रेटरीकाका

सोसायटीच्या बाजूने दोन शब्द. टोकन (जागा धरून ठेवायची आगाऊ रक्कम) देण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात स्वतः जा. अविवाहित मुलामुलींबद्दल काय म्हणतात, रात्री पाहुणे, दुचाकीची जागा, सामान हलवायची वेळ आणि फी, हे तिथे विचारा. दलाल म्हणतो, “मी बोलून घेतो,” आणि बोलतो टोकन खिशात गेल्यावर. नमुना उपविधींनुसार मालकाने सोसायटीला कळवायचं असतं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. हे कागदावर. प्रत्यक्षात समिती नाराज असेल तर लिफ्टपासून पार्किंगपर्यंत अडवणूक होते. कायदा तुमच्या बाजूचा असला तरी तिथे राहायचं तुम्हालाच असतं.

‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते शुल्क, मालकाचे. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ते लावता येत नाहीत. करारात ते तुमच्या माथी आहेत का, वाचा.

पाण्याची वेळ वॉचमनला विचारा, मालकाला नको. आणि इमारतीला ओसी (महापालिकेचा भोगवटा दाखला) आहे का तेही विचारून घ्या. नसेल तर पाणीपट्टी चढी, टँकर येतात आणि त्याचा भार मेंटेनन्समधून फिरून भाड्यावर येतो.

गावठाण

वेसाव्यात आत एक खोली-स्वयंपाकघर मिळतं. इथे ‘हेवी डिपॉझिट’ चालतं : चार-पाच लाख एकरकमी, महिन्याचं भाडं नाममात्र किंवा शून्य. स्वस्त वाटतं, पण जोखीम सगळी तुमची. मालकाने ते पैसे वापरलेले असतात आणि पुढचा भाडेकरू मिळेपर्यंत तुमचे परत येत नाहीत. घ्यायचंच असेल तर रक्कम बँकेतून द्या, करार नोंदवा आणि वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते बघा. ज्याच्या नावावर घर नाही अशा भाच्या-पुतण्याशी करार करू नका.

भरतीओहोटी

पूर येतो का, असं बरेच जण विचारतात. समुद्राचं पाणी घरात येत नाही, पावसाचं पाणी बाहेर जात नाही. साडेचार मीटरच्या वर भरती असली की पर्जन्यवाहिन्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर रस्ते तुंबतात. महापालिका पावसाळ्याआधीच अशा दिवसांची यादी काढते, ती फोनमध्ये ठेवा. अंधेरीचा सबवे त्या दिवशी बंद होईल असं गृहीत धरूनच निघा. तळमजल्याचं घर असेल तर जिन्यातल्या वीजमीटरची उंची बघा.

रोज किनाऱ्यावर फिरायचं तर तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा (पौर्णिमा-अमावस्या म्हणजे पंधरा), भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तासभर इकडेतिकडे. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळ-संध्याकाळ रुंद, घट्ट वाळू मिळते आणि अष्टमीला त्याच वेळी भरती असते.

मढकर

भाडं झेपत नसेल तर पलीकडच्या मढचा विचार होतो. वेसाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट काही मिनिटांत पोचवते, दुचाकीही चढते. पण बोट चुकली किंवा बंद पडली तर मालाडवरून वीसेक किलोमीटरचा वळसा. रात्रपाळी असलेल्याने मढ घेऊ नये. घरून काम करणाऱ्याने जरूर बघावं, आधी मोबाइलचं नेटवर्क प्रत्येक खोलीत तपासून.

म्हावरंप्रेमी

राहायला आल्यावर : मासळी संध्याकाळी गावातल्या बाजारात घ्या, बोटी लागल्यावर. पापलेटचा कल्ला उघडून लाल आहे का बघा, बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला तर सोडून द्या. बोंबील लवकर नरम पडतो, घेतल्यावर तासाभरात साफ करून फ्रीजमध्ये. सुकं म्हावरं मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरा. घरी आणून पुन्हा एक दिवस कडक उन्हात घाला, गार झाल्यावरच हवाबंद डब्यात. गरम असताना झाकण लावलं की आत पाणी सुटतं आणि जुलैत बुरशी. सोसायटीची गच्ची वापरणार असाल तर आधी विचारा. वरच्या मजल्यावरचे लोक सुकटीवरून मीटिंग बोलावतात.