बोगोलानचा काळा रंग टिकतो तो असा

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या बोगोलान या चिखलाने रंगवलेल्या कापडावरचा चिखल धुतल्यावर जात कसा नाही, असा प्रश्न पडतो. तो नुसता फासलेला नसतो. अरुंद सुती पट्ट्या जोडून केलेलं कापड आधी न्गालामाच्या पाल्याच्या काढ्यात बुडवून पिवळं करतात (हे झाड आपल्या धावड्याच्या जातकुळीतलं!). मग बायका मुरवलेल्या, लोहयुक्त चिखलाने नक्षीभोवतीचा भाग रंगवतात. नक्षी मोकळी सोडतात, केवढा संयम हा! पाल्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि चिखलातलं लोह मिळून पक्का काळा रंग धरतो. आपल्याकडे हिरडा वापरून काळा रंग करणाऱ्यांना हे लगेच पटेल. म्हणूनच रासायनिक रंगांनी छापलेल्या नकलेला बोगोलान म्हटलं की मला वाईट वाटतं. १९७८मध्ये मालीच्या राजधानीत, बामाकोत, स्थापन झालेल्या कासोबाने या चित्रकारांच्या गटाने हेच चिखलाचं तंत्र चित्रकलेत आणलं, तेही जरूर पाहा.