वहीत प्रमाण येतं, पण...

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की घरातल्या पाककृती वहीत नीट उतरवल्या की चव पुढच्या पिढीला आपोआप मिळते. मला हे अर्धंच पटलं. वहीत प्रमाण येतं. पण 'वास सुटेपर्यंत' म्हणजे नेमका कुठला वास, हे शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि वासाचं महत्त्व आपण फारच कमी लेखतो. जिला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग म्हणजे घास चावताना घशामागून नाकात चढणारा गंध. इतर इंद्रियांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या टप्प्यातून जातात. गंध मात्र तो टप्पा गाळून भावना आणि आठवणींशी संबंधित भागांकडे जातो. फोटो पाहून जे होत नाही ते एका वासाने होतं, ते बहुधा यामुळेच.

चवी-वासांची ही ओळख तर जन्माआधीच सुरू होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काही आयांनी गरोदरपणी किंवा अंगावर पाजत असताना गाजराचा रस घेतला होता. त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचं खाणं साध्या खाण्यापेक्षा कमी तोंड वाकडं करत खाल्लं; इतर बाळांत असा फरक दिसला नाही!

स्थलांतरित घरांत भाषा सुटली तरी ताट बरेचदा टिकतं. अर्थात जिन्नस बदलतात, आणि मग 'हे आमचं नाहीच' म्हणून भांडणंही होतात. होऊ द्यावीत.

तेव्हा वही लिहाच, पण करणाऱ्या व्यक्तीचं नाव कृतीवर घाला. व्हिडिओ काढलात तर मागच्या गप्पा कापू नका.